वाचता येईल असा कायदा, गाठता येईल असे न्यायालय
प्रशांत महासागरातील लहान बेटराष्ट्रांचा अनुभव

कायद्याचे अज्ञान हा बचाव होऊ शकत नाही, हे तत्त्व जगातील बहुतेक न्यायव्यवस्थांनी स्वीकारले आहे. मात्र या तत्त्वाच्या पोटात एक अट दडलेली असून तिची चर्चा क्वचितच होते. नागरिकाने कायदा जाणावा अशी अपेक्षा बाळगण्यापूर्वी राज्याने तो नागरिकापर्यंत पोहोचेल अशा रीतीने जाहीर केला पाहिजे, ही ती अट होय. पूर्वी राजाज्ञा दवंडी पिटून ऐकवली जाई, छपाई आल्यावर सरकारी राजपत्रे निघू लागली आणि आता बहुतेक देशांचे कायदे संगणकाच्या पडद्यावर उपलब्ध असतात. साधने बदलली तरी कायदा लोकांना कळल्याशिवाय तो त्यांच्यावर बंधनकारक ठरू नये हा न्यायविचार कायम राहिला. मोठ्या देशांत कायद्याची पुस्तके छापणारे प्रकाशक, वकिलांची ग्रंथालये आणि निकालांचे नियमित संग्रह असल्यामुळे ही अट पूर्ण झाली आहे असे गृहीत धरले जाते. ज्या देशाची लोकसंख्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी आहे आणि जो महासागरात शेकडो किलोमीटर विखुरलेला आहे, तेथे मात्र ती पूर्ण करण्यासाठी जाणीवपूर्वक आणि सतत प्रयत्न करावे लागतात.

प्रशांत महासागरातील बेटराष्ट्रांमध्ये गेल्या तीन दशकांत असे प्रयत्न झाले आणि त्यांतून जगाला उपयोगी पडेल असा अनुभव जमा झाला आहे. कायदा आणि नागरिक यांच्यामध्ये तेथे तीन प्रकारची अंतरे आहेत: कायद्याचा मजकूर हाती न लागण्याचे पहिले, न्यायालय समुद्रापलीकडे असण्याचे दुसरे आणि कायद्याची भाषा परकी असण्याचे तिसरे. ही तिन्ही अंतरे तोडल्याखेरीज कायद्याचे राज्य हा शब्दप्रयोग सामान्य माणसाच्या दृष्टीने पोकळच राहतो.

विखुरलेली भूमी, मोजके वाचक

या देशांचे आकारमान समजून घेतल्याशिवाय प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येत नाही. तुवालू हा नऊ बेटांचा देश असून त्याची एकूण जमीन सुमारे २६ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या दहा-अकरा हजारांच्या घरात आहे. विमानतळ केवळ फुनाफुती या राजधानीच्या बेटावर असल्यामुळे उर्वरित बेटांवरील रहिवाशाला राजधानी गाठायची तर बोटीवाचून गत्यंतर नसते. नाउरू हे २१ चौरस किलोमीटरचे एकच बेट आहे. किरिबाती या देशाची ३३ बेटे मिळून जमीन जेमतेम ८१० चौरस किलोमीटर भरते, परंतु ती सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर समुद्रात पसरलेली असल्यामुळे राजधानी तारावा आणि पूर्वेकडील किरितिमाती ही एकाच देशाची बेटे एकमेकांपासून सुमारे ३,२०० किलोमीटर दूर आहेत. वानुआतू हा ऐंशीहून अधिक बेटांचा आणि सुमारे तीन लाख वस्तीचा देश असून त्यात शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात.

इतक्या लहान लोकसमूहासाठी कायद्याची पुस्तके छापणे कोणत्याही खासगी प्रकाशकाला परवडत नाही, त्यामुळे हे काम सर्वस्वी सरकारी मुद्रणालयावर आणि मोजक्या अधिकाऱ्यांवर येऊन पडते. कायदा एकदा छापला म्हणजे काम संपले असेही नसते. मूळ अधिनियमात पुढे दुरुस्त्या होतात, प्रत्येक दुरुस्ती स्वतंत्र कागदावर निघते आणि या सर्व दुरुस्त्या मूळ मजकुरात बसवून आजच्या तारखेचा सलग पाठ तयार करावा लागतो. या कामाला कायद्यांचे एकत्रीकरण म्हणतात. एकत्रीकरण वर्षानुवर्षे रखडले, तर एखाद्या कलमाचा आजचा अर्थ जाणून घेण्यासाठी वाचकाला जुन्या राजपत्रांची चळत उपसावी लागते, आणि दूरच्या बेटावरील शिक्षकाला, दुकानदाराला किंवा दंडाधिकाऱ्यालाही ती चळत उपलब्ध नसते. म्हणजे कायदा अमलात असतो, त्याचे उल्लंघन करणाऱ्याला शिक्षाही होऊ शकते, पण तो नेमका काय म्हणतो हे सांगणारा कागद बेटावर नसतो.

परकीय राजवटींचे थर

मजकुराचा हा प्रश्न वसाहतींच्या इतिहासामुळे अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. आजचा वानुआतू हा स्वातंत्र्यापूर्वी न्यू हेब्रिडीज या नावाने ओळखला जाई आणि १९०६ पासून त्यावर ब्रिटन व फ्रान्स यांचा संयुक्त अंमल होता. ब्रिटिश रहिवाशांना ब्रिटिश कायदा, फ्रेंच रहिवाशांना फ्रेंच कायदा, दोन्ही सत्तांनी मिळून काढलेले संयुक्त नियम निराळे आणि मूळ रहिवाशांच्या रूढी त्याहून निराळ्या, अशी ती व्यवस्था होती. ३० जुलै १९८० रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा एका रात्रीत सर्व कायदे नव्याने करणे अशक्य होते, म्हणून राज्यघटनेच्या ९५ व्या अनुच्छेदाने संसद अन्यथा ठरवीपर्यंत त्या वेळी लागू असलेले ब्रिटिश व फ्रेंच कायदे चालू ठेवले आणि ते लागू करताना शक्य तेथे रूढीचा विचार व्हावा असे सांगितले. सॉलोमन बेटांच्या राज्यघटनेने तर १ जानेवारी १९६१ रोजी अमलात असलेले ब्रिटिश संसदेचे सर्वसाधारण स्वरूपाचे अधिनियम आपल्या कायद्याचा भाग मानले. अशा तरतुदीला संरक्षक तरतूद म्हणतात, कारण ती जुना कायदा मोडून पडू देत नाही. मात्र तिच्यामुळे राजधानी होनियारातील नागरिकाला आपला कायदा शोधण्यासाठी १९६१ मधील लंडनच्या विधिसंग्रहाकडे जावे लागते, तेही इंग्लंडमध्ये तो कायदा कदाचित केव्हाच रद्द झालेला असताना.

हा अनुभव मराठी वाचकाला अगदी अपरिचित नाही. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता पोर्तुगीज सत्ता गेल्यावरही कौटुंबिक व मालमत्तेच्या बाबतीत लागू राहिली आणि तिचा अधिकृत इंग्रजी अनुवाद राज्य सरकारने प्रसिद्ध केला तो २०१८ मध्ये. हिंदी महासागरातील मॉरिशस हे बेटराष्ट्र, जेथे एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही आपली भाषा आणि सण जपून आहेत, तेथे नागरी संहिता फ्रेंच भाषेत, संसदेचे अधिनियम इंग्रजीत, सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आणि बहुसंख्य घरांतील बोली मात्र क्रेओल, अशी स्थिती आहे. राज्यकर्ते जातात, त्यांचा कायदा मागे राहतो आणि तो वाचण्याची साधने त्यांच्याबरोबर निघून जातात, हे या सर्व ठिकाणी घडले आहे.

पिटकेर्नचा खटला

कायदा प्रसिद्ध न करण्याचे परिणाम किती खोलवर जातात हे पिटकेर्न बेटावरील खटल्याने जगासमोर आणले. पिटकेर्न हे स्वतंत्र राष्ट्र नसून ब्रिटनच्या ताब्यातील प्रदेश आहे. तथापि कायद्याच्या उपलब्धतेचा प्रश्न इतक्या निखळ स्वरूपात क्वचितच कोठे उभा राहिला असेल. ‘बाउंटी’ या जहाजावरील बंडखोर खलाशी आणि त्यांच्याबरोबरची ताहितीची माणसे १७९० मध्ये येथे येऊन राहिली आणि त्यांच्या वंशजांची वस्ती आज पन्नासच्या आसपास आहे. बेटावर विमानतळ नाही, न्यूझीलंड सुमारे पाच हजार किलोमीटर दूर आहे आणि न्यूझीलंडमधील ब्रिटिश उच्चायुक्त हेच बेटाचे राज्यपाल म्हणून काम पाहतात.

या बेटावरील काही पुरुषांवर अल्पवयीन मुलींवरील लैंगिक अत्याचारांचे आरोप ठेवण्यात आले आणि २००४ मध्ये न्यूझीलंडहून आलेले न्यायाधीश व वकील यांच्या उपस्थितीत बेटावरच खटले चालले. आरोप इंग्लंडच्या १९५६ च्या लैंगिक गुन्ह्यांविषयीच्या अधिनियमाखाली होते. स्थानिक आदेशाद्वारे इंग्लंडचे सर्वसाधारण कायदे पिटकेर्नला लागू झाले होते, परंतु हा अधिनियम बेटावर कधी प्रसिद्ध झाला नव्हता. जो कायदा आम्हाला कोणी दाखवला नाही, त्याच्याखाली आम्हाला शिक्षा कशी होऊ शकते, असा प्रश्न बचाव पक्षाने उपस्थित केला आणि तो लंडनमधील प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीपर्यंत नेला. ही न्यायसमिती म्हणजे ब्रिटनच्या सागरपार प्रदेशांचे आणि काही माजी वसाहतींचे अखेरचे अपील न्यायालय होय.

ऑक्टोबर २००६ मध्ये न्यायसमितीने अपील फेटाळले. बलात्कार हा गंभीर गुन्हा आहे हे आरोपींना ठाऊक होते, त्यामुळे अधिनियमाची प्रत बेटावर नसण्याने त्यांच्यावर प्रत्यक्ष अन्याय झाला नाही, असा निष्कर्ष तिने काढला आणि पीडित स्त्रियांना मिळालेला न्याय टिकून राहिला. निकालाचे महत्त्व एवढ्यावर संपत नाही. फौजदारी कायदा लोकांना उपलब्ध असला पाहिजे हे तत्त्व न्यायमूर्तींनी गांभीर्याने विचारात घेतले. ज्या कृत्याचा अपराधीपणा उघड आहे तेथे आरोपीला अज्ञानाचा आधार घेता येत नाही. पण परवाना, नोंदणी, कर, मासेमारीचा हंगाम यांसारख्या बाबतीत सदसद्विवेकबुद्धी काहीच सांगू शकत नाही, तेथे केवळ लिहिलेला शब्दच मार्ग दाखवतो. आणखी एक गोष्ट या खटल्यातून लक्षात घेण्याजोगी आहे. कायदा प्रसिद्ध नसल्याची झळ आरोपीइतकीच पीडितांनाही बसते. आपल्या बाजूने कायदा उभा आहे हेच ज्या मुलीला माहीत नाही, ती दाद मागायला कोठे जाणार?

एका विद्यापीठाने उभारलेले भांडार

मजकुराचे अंतर तोडण्याचे सर्वांत मोठे काम या प्रदेशात एका विद्यापीठाने केले. १९६८ मध्ये स्थापन झालेले दक्षिण प्रशांत विद्यापीठ हे बारा देश व प्रदेशांच्या सामायिक मालकीचे असून त्याचे मुख्य संकुल फिजीची राजधानी सुव्हा येथे, तर विधी विभाग वानुआतूची राजधानी पोर्ट व्हिला येथील इमालस संकुलात आहे. अनेक देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या त्यांच्या देशांचा कायदा शिकवायचा तर तो आधी मिळवला पाहिजे, ही अडचण तेथील प्राध्यापकांपुढे होती. कारण सर्व देशांचे अधिनियम आणि निकाल एकत्र ठेवणारे एकही ग्रंथालय नव्हते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विभागाने हे साहित्य गोळा करून इंटरनेटवर ठेवण्यास सुरुवात केली आणि पुढे २००१ पासून या कामाला प्रशांत द्वीपसमूह विधी माहिती संस्था, म्हणजेच ‘पॅकली’, असे रूप आले.

या संस्थेमागे एका जागतिक चळवळीची प्रेरणा होती. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने १९९२ मध्ये कायद्याचा मजकूर विनामूल्य उपलब्ध करून देणारी संस्था सुरू केली, १९९५ मध्ये सिडनीतील दोन विद्यापीठांनी ऑस्ट्रेलियासाठी तशीच संस्था उभारली आणि तिने आपले तंत्रज्ञान ‘पॅकली’ला उपलब्ध करून दिले. २००२ मध्ये माँट्रियल येथे या संस्थांनी एक जाहीरनामा स्वीकारला. सार्वजनिक विधी माहिती ही मानवजातीच्या सामायिक वारशाचा भाग आहे आणि ती सर्वांना नफ्याचा हेतू न ठेवता, विनामूल्य मिळाली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. आज ‘पॅकली’वर वीसच्या आसपास देशांचे आणि प्रदेशांचे अधिनियम, निकाल आणि इतर विधी साहित्य एकत्र वाचता येते.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते हे पाहिले म्हणजे त्यातील कष्टांची कल्पना येते. न्यायालयाच्या निबंधक कार्यालयाकडून निकालपत्राची प्रत येते. जुने निकाल कागदावरच असतील तर ते यंत्राने टिपून घ्यावे लागतात, त्यांतील अक्षरे तपासावी लागतात आणि परिच्छेदांना क्रमांक द्यावे लागतात. त्यानंतर प्रत्येक निकालाला एक ओळखक्रमांक मिळतो. उदाहरणार्थ, ‘[२००९] एफजेसीए ९’ या क्रमांकात आरंभी वर्ष, त्यानंतर फिजी आणि अपील न्यायालय यांची आद्याक्षरे आणि शेवटी त्या वर्षातील अनुक्रम असतो. अशा क्रमांकाला तटस्थ संदर्भ म्हणतात, कारण तो कोणत्याही प्रकाशकाच्या पुस्तकावर किंवा पृष्ठावर अवलंबून नसतो. पूर्वी एखाद्या निकालाचा दाखला द्यायचा तर महागडा संग्रह जवळ असावा लागे. आता तारावातील वकील, सुव्हातील पत्रकार आणि सामोआच्या आपियातील विद्यार्थी एकाच क्रमांकाने एकच परिच्छेद उघडून वाचू शकतात.

कागदाच्या एकाच प्रतीवर विसंबून राहणे किती धोक्याचे आहे याचा अनुभव पोर्ट व्हिलाने स्वतः घेतला आहे. २००७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाची इमारत आगीत भस्मसात झाली. मार्च २०१५ मध्ये ‘पॅम’ या चक्रीवादळाने आणि डिसेंबर २०२४ मध्ये ७.३ तीव्रतेच्या भूकंपाने हेच शहर हादरवले. आर्द्र हवा, वाळवी, वादळ आणि आग यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या देशांसाठी दूरवर सुरक्षित असलेली दुसरी प्रत ही न्यायसंस्थेची स्मृतीच असते.

बोटीने आणि विमानाने येणारा न्याय

मजकूर हाती आला तरी न्यायालय गाठण्याचा प्रश्न शिल्लक राहतो. या देशांना प्रत्येक बेटावर पूर्णवेळ न्यायाधीश नेमणे शक्य नाही आणि वरिष्ठ न्यायालयांसाठी पुरेसे स्थानिक विधिज्ञही नेहमी उपलब्ध नसतात. त्यामुळे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इतर राष्ट्रकुल देशांतील न्यायाधीश तेथे काम करतात. वानुआतूचे अपील न्यायालय वर्षातून ठरावीक वेळा सत्रांच्या स्वरूपात बसते आणि त्यात स्थानिक न्यायाधीशांबरोबर न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाहून आलेले न्यायाधीश असतात. कॅरिबियन समुद्रातील लहान देशांनी याच अडचणीवर सामायिक न्यायालयाचा उपाय योजला. १९६७ मध्ये स्थापन झालेले पूर्व कॅरिबियन सर्वोच्च न्यायालय सहा स्वतंत्र राष्ट्रे आणि तीन ब्रिटिश प्रदेश यांच्यासाठी काम करते आणि त्याचे अपील पीठ बेटाबेटावर फिरून सुनावणी घेते.

सामान्य माणसाचा संबंध मात्र मुख्यतः तळाच्या न्यायालयांशी येतो. वानुआतूत १९८३ च्या अधिनियमाने बेट न्यायालये स्थापन केली. त्यांत स्थानिक रूढी जाणणारे किमान तीन न्यायाधीश बसतात, त्यांपैकी निदान एक जण पारंपरिक प्रमुख असावा लागतो आणि तेथे वकिलांना बाजू मांडता येत नाही. वादी आणि प्रतिवादी आपापल्या बोलीत किंवा बिस्लामा या राष्ट्रभाषेत बोलतात. जमिनीचे वाद तर आणखी निराळ्या वाटेने सुटतात. राज्यघटनेनुसार देशातील सर्व जमीन रूढीने ठरलेल्या मूळ मालकांची आणि त्यांच्या वंशजांची आहे. २०१३ च्या रूढिजन्य भूव्यवस्थापन अधिनियमाने मालकी ठरवण्याचा मुख्य अधिकार ‘नकमाल’कडे सोपवला. नकमाल म्हणजे गावकऱ्यांची पारंपरिक सभा आणि तिची जागा, आपल्याकडील चावडीच्या जवळ जाणारी. आपल्याकडे जमिनीचा वाद निघाला की सातबारा आणि फेरफार पुढे येतात. तेथे वंशावळ ठाऊक असलेला वृद्ध, सीमेवरचा वड, पूर्वजांनी वसवलेल्या जागेची कथा हाच पुरावा असतो.

अशी न्यायालये स्वस्त असतात, जवळ असतात आणि लोकांना समजणाऱ्या भाषेत बोलतात, हे त्यांचे मोठे बळ आहे. त्यांची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तेथील निर्णय बहुधा सविस्तर लिहिले जात नाहीत आणि लिहिलेले प्रसिद्ध होत नाहीत, त्यामुळे एका बेटावर काय ठरले हे दुसऱ्या बेटाला कळत नाही. शिवाय निर्णय देणारे बहुधा वयस्क पुरुष असल्यामुळे स्त्रियांचे आणि तरुणांचे म्हणणे कितपत ऐकले गेले हे तपासण्यासाठी कोणताही लेख मागे राहत नाही. वरिष्ठ न्यायालयाचा निकाल जगभर वाचता यावा आणि गावातील वादाचा निकाल शेजारच्या गावालाही कळू नये, ही विसंगती अजून दूर व्हायची आहे.

सत्तेच्या दारात उभे राहिलेले न्यायालय

लहान राष्ट्रात न्यायाधीशांची संख्या इतकी मोजकी असते की दोन-तीन माणसांना दूर केले तरी सारी व्यवस्था थांबू शकते. नाउरूमध्ये जानेवारी २०१४ मध्ये दंडाधिकाऱ्यांना देशाबाहेर काढण्यात आले आणि मुख्य न्यायाधीशांचा व्हिसा रद्द झाला. या देशातून ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाकडे अपील करण्याची सोय १९७६ च्या करारान्वये होती. मार्च २०१८ मध्ये तो करार संपुष्टात आला आणि लोकांना ते कळले तेव्हा तो संपलेलाही होता. स्वतःचे अपील न्यायालय स्थापन होईपर्यंत मधल्या काळात दाद मागण्याची ती पायरीच नाहीशी झाली होती. किरिबातीत २०२२ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, मुख्य न्यायाधीश आणि नंतर अपील न्यायालयाचे तीन न्यायाधीश एकामागून एक निलंबित झाले आणि काही काळ देशाची वरिष्ठ न्यायालये रिकामी राहिली.

फिजीचा अनुभव याहून दीर्घ आहे. मे २००० मधील बंडाळीत घरदार सोडावे लागलेल्या चंद्रिका प्रसाद या भारतीय वंशाच्या शेतकऱ्याने न्यायालयात धाव घेतली आणि १ मार्च २००१ रोजी अपील न्यायालयाने १९९७ ची राज्यघटना रद्द झालेली नसून ती अमलात आहे असा निर्णय दिला. गिरमिटाच्या करारावर १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांहून अधिक भारतीय मजूर फिजीला नेण्यात आले होते. भारतीय वंशाच्या एका शेतकऱ्याच्या अर्जावर संपूर्ण देशाची राज्यघटना टिकून राहावी, ही गोष्ट न्यायालयाचे दार उघडे असण्याचे मोल सांगून जाते. त्यानंतर आठ वर्षांनी, ९ एप्रिल २००९ रोजी, याच न्यायालयाने २००६ च्या लष्करी बंडानंतर आलेले सरकार बेकायदेशीर ठरवले. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी राज्यघटना रद्द करून सर्व न्यायाधीशांच्या नेमणुका संपुष्टात आणल्या. वर उदाहरण म्हणून दिलेला ‘[२००९] एफजेसीए ९’ हा क्रमांक त्याच निकालाचा आहे. निकाल देणारे न्यायाधीश पदावर राहिले नाहीत, ज्या घटनेचा त्यांनी अर्थ लावला ती घटनाही उरली नाही, परंतु निकालाचा प्रत्येक परिच्छेद सार्वजनिक भांडारात वाचण्यासाठी उपलब्ध राहिला.

सामोआने २०२१ मध्ये वेगळे चित्र दाखवले. एप्रिलमधील निवडणुकीनंतर संसदेतील स्त्रियांच्या किमान दहा टक्के जागांच्या तरतुदीवरून वाद उद्भवला, न्यायालयाने संसद ठरल्याप्रमाणे भरली पाहिजे असे सांगितले, तरीही सत्तांतर अडून राहिले. २४ मे रोजी मुख्य न्यायाधीश सातिऊ सिमातिवा पेरेसे न्यायालयीन वेषात संसद भवनापर्यंत पायी चालत गेले आणि भवनाचे दार कुलूपबंद असल्याची त्यांनी लोकांसमक्ष खात्री करून घेतली. त्याच दिवशी सत्तांतराच्या प्रतीक्षेत असलेल्या फियामे नाओमी मताआफा यांच्या पक्षाचा शपथविधी संसदेबाहेरील मंडपात झाला आणि जुलैमध्ये अपील न्यायालयाने तो वैध ठरवला. या काळात न्यायालयाचे निकाल लगोलग प्रसिद्ध होत होते आणि लोक ते वाचून त्यांवर चर्चा करत होते. शस्त्रबळ नसलेल्या संस्थेचा आदेश अखेर पाळला गेला, त्यामागे न्यायाधीशांच्या धैर्याइतकीच त्या आदेशाची सर्वांना असलेली माहितीही कारणीभूत होती.

भाषेचे अंतर आणि उरलेले काम

तिसरे अंतर भाषेचे. वानुआतूची राज्यघटना बिस्लामा, इंग्रजी आणि फ्रेंच या तिन्ही भाषांना राजभाषेचा दर्जा देते, परंतु संसदेचे अधिनियम मुख्यतः इंग्रजी व फ्रेंच भाषांत वाचावे लागतात. टोंगाने या बाबतीत जुनी परंपरा जपली आहे. तेथे १८३९ मध्येच वावाऊ संहिता या नावाने लिखित कायदे जाहीर झाले, १८७५ मध्ये राजे जॉर्ज तुपोऊ पहिले यांनी राज्यघटना दिली आणि आजही अधिनियम टोंगन व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघतात. सामोआचे जमीन व किताबविषयक न्यायालय सामोअन भाषेत चालते, कारण घराण्यातील प्रमुखपदाचा वाद परक्या शब्दांत मांडताच येत नाही. मात्र शेकडो कलमे स्थानिक भाषांत आणण्यासाठी लागणारे भाषांतरकार आणि पारिभाषिक शब्दसंग्रह बहुतेक देशांकडे अजून नाहीत.

इंटरनेटवरील भांडारालाही मर्यादा आहेत. बाहेरच्या बेटांवर जोडणी कमकुवत असते, विधी संस्थांचा खर्च बराचसा न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाच्या मदतनिधीतून भागतो आणि निधी थांबला तर नवे निकाल चढवण्याचे कामही मंदावते. आणखी एक नाजूक प्रश्न गोपनीयतेचा आहे. दहा हजारांच्या देशात कौटुंबिक हिंसेच्या निकालातून पीडितेचे नाव वगळले तरी गावाचे नाव, वय आणि नाते यांवरून ती कोण हे सर्वांना कळते. म्हणून निकाल खुले ठेवताना कोणता तपशील झाकायचा याचा विचार लहान देशाला मोठ्या देशापेक्षा कितीतरी बारकाईने करावा लागतो. हे सारे करण्यासाठी प्रशिक्षित माणसे लागतात, आणि निबंधक कार्यालयातील एका कारकुनाच्या बदलीने वर्षभराचे निकाल अडून राहू नयेत इतकी ती व्यवस्था पक्की असावी लागते.

या कामाची फळे केवळ स्थानिक वादांपुरती नाहीत. तुवालूने २०२३ मध्ये आपल्या राज्यघटनेत बदल करून असे नमूद केले की हवामानबदलामुळे भूमी गमावली गेली तरी तुवालूचे राज्य कायम राहील. ज्या देशाला आपली जमीन पाण्याखाली जाण्याची भीती आहे, त्याने आपल्या अस्तित्वाचा आधार कायद्याच्या शब्दांत शोधावा आणि ते शब्द जगाला वाचता यावेत, यात कायद्याच्या प्रसिद्धीला एक नवीनच अर्थ प्राप्त होतो.

ज्या इमालस संकुलात बेटांचे कायदे आणि निकाल गोळा करण्याचे काम सुरू झाले, त्याच संकुलात २०१९ मध्ये कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी एक कल्पना मांडली: हवामानबदलाबाबत राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी कोणती, हे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारावे. वानुआतूच्या सरकारने ती कल्पना उचलून धरली, २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव एकमताने स्वीकारला आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमुखाने दिलेल्या सल्लागार मतात हवामानव्यवस्थेचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य असल्याचे सांगितले. एखाद्या राज्याचा एक घटक नाहीसा झाला म्हणून त्याचे राज्यपण संपतेच असे नाही, हेही त्या मतात नमूद आहे. लहान बेटांवरील तरुणांनी जगातील सर्वोच्च न्यायपीठाचे दार ठोठावले ते आपल्या देशाचा आणि जगाचा कायदा त्यांना वाचता आला म्हणून. तीच संधी बाहेरच्या बेटावरील मच्छीमाराला आणि नकमालात मागे बसून ऐकणाऱ्या स्त्रीला मिळेल, तेव्हाच पोर्ट व्हिलात सुरू झालेले हे काम पूर्ण झाले असे म्हणता येईल.